मशीनचा शुक्रवार

बोईसरला रविवार शुक्रवारी यायचा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, पण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी नोकऱ्या काढल्या त्यांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. विजेचा तुटवडा होता, म्हणून वसाहतींनी आळीपाळीनं आठवड्यातला एकेक दिवस बंद पाळायचा असा रिवाज होता आणि आमच्या वाट्याला शुक्रवार आला होता. दाढी, बाजार, सासुरवाडी, मुलगी बघायला जाणं, सगळं शुक्रवारी. पोरांना शाळेची सुट्टी रविवारी आणि बापाला कारखान्याची शुक्रवारी, त्यामुळे घरात बसलेला बाप ही वस्तू आमच्या मुलांनी फारशी पाहिलीच नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, ‘आपल्या भागातल्या कारखान्यांत कॉम्प्युटर नवे नवे आले तेव्हाच्या गमती लिहा.’ गमती पुष्कळ आहेत. दसऱ्याला आमच्या सर्व्हरला झेंडूचा हार घातला गेला आणि एक फूल पंख्याच्या जाळीत अडकून मशीन तापलं. शहासाहेब, म्हणजे आमचे जनरल मॅनेजर, पाहुण्यांना चपला बाहेर काढायला लावून कॉम्प्युटर रूम दाखवत, ते पाहुणे जाताना मशीनला हात जोडून जात. पण लिहायला बसलो की हात दुसरीकडेच जातो. मला एका बाईंबद्दल लिहायचं आहे. आणि त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर स्वतःबद्दलही खरं लिहावं लागतं, म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही.

आमचा कारखाना रंगांना लागणारी रसायनं बनवायचा. माल ड्रममध्ये भरला जाई. प्रत्येक ड्रमवर लेबल लागे: कुठल्या घाणीतला, म्हणजे बॅचमधला, माल, वजन किती, शुद्धता किती, आणि शेवटी एक लांबलचक सांकेतिक क्रमांक. लेबलाशिवाय ड्रम गेटबाहेर जात नसे. आधी ही लेबलं हातानं लिहीत. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही ती कॉम्प्युटरवर आणली, आणि ‘आम्ही’ म्हणजे मी. सफाळ्याचा संखे, वय तिशीच्या आत, डिप्लोमा, डोक्यात हवा.

काम कसं चाले ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ड्रम वजनकाट्यावर ठेवला की काट्याची वायर वजनाचा आकडा सरळ आमच्या सर्व्हरकडे पाठवी. सर्व्हरमध्ये डेटाबेस, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या नोंदींचं कोठार. या कोठारात मी एक ट्रिगर बसवला होता. गेटवरचा वॉचमन कसा, ट्रक आत शिरला की कुणी न सांगता आतल्या ऑफिसला फोन करतो, तसा हा ट्रिगर. वजनाची नोंद बदलली रे बदलली की तो आपण होऊन जागा होई आणि माझ्या एका छोट्या प्रोग्रामला हाक मारी. तो प्रोग्राम सांकेतिक क्रमांक तयार करून हातात देई, आणि आकडा स्थिरावला की प्रिंटर लेबल ओकू लागे. माणसानं बोट लावायचं नाही. शहासाहेब याला ‘संखेचा जादू’ म्हणत. त्या जादूवर मला बढती मिळाली, आणि कॉम्प्युटर रूममध्ये काचेचं वेगळं केबिन.

त्या जादूत एक भोक होतं. प्रोग्रामला क्रमांक लिहून ठेवायला मशीनच्या स्मरणात, मेमरीत, थोडी जागा लागे. ती मागून घ्यायची, काम झालं की परत करायची, असा नियम. मी समजलो, जागा डेटाबेस परत करील. डेटाबेस समजला, ज्यानं मागितली तो करील. परत कुणीच करत नव्हतं. बरं, काटा एका ड्रमचं वजन एकदाच पाठवत नसे; ड्रम स्थिर होईपर्यंत आकडा हलत राही, आणि प्रत्येक हलत्या आकड्याला ट्रिगर जागा होई. म्हणजे दर वेळी चिमूटभर जागा अडकून पडे, आणि अशा चिमट्या दिवसभर. मेमरी भरत जायची, मशीन जड व्हायचं, आणि एक दिवस गपकन बंद.

पण हे कुणाला कळलं नाही, कारण शुक्रवार होता. गुरुवारी संध्याकाळी सगळं बंद करून आम्ही घरी जायचो. मशीन बंद केलं की मेमरी आपोआप पुसली जाते. शनिवारी सकाळी ते ताजंतवानं उठायचं. माझी चूक आठवड्याच्या पोटात मावत होती.

मग कारखान्यात जनरेटर आला.

तो आणला घरतकाकांनी. वसंत घरत, बेटेगावचे, विजेच्या कामाचे सुपरवायझर. रासायनिक कारखान्यात वीज मध्येच गेली की घाणीतली ढवळणी थांबते आणि सगळा माल फुकट जातो. कितीतरी वर्षं हा माणूस प्रत्येक मीटिंगमध्ये उठून म्हणत होता, “साहेब, जनरेटर घ्या. मी मांडतो. जबाबदारी माझी.” शेवटी घेतला. काकांनी स्वतः उभं राहून पाया घालून घेतला, केबल ओढल्या, आणि ज्या शुक्रवारी कारखाना पहिल्यांदा चालू राहिला त्या दिवशी नारळ फोडताना त्यांचे डोळे भरून आले होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही.

त्यानंतरच्या शनिवारी माझं मशीन बंद पडलं.

चालू केलं, चाललं. पुढच्या शुक्रवारी जनरेटर चालला आणि रविवारी मशीन पुन्हा पडलं. कारखान्यात लगेच निकाल लागला: शुक्रवारी जनरेटरची वीज खाल्ली की मशीनचं पोट बिघडतं. शहासाहेबांनी मला बोलावलं.

“संखे, ये जनरेटर का चक्कर है क्या? घरतने काय वायरिंगमध्ये गडबड केली?”

मला तेव्हा पुरतं माहीत नव्हतं. पण मनात एक पाल चुकचुकली होती: बंद करून चालू केलं की बरं होतं, म्हणजे काहीतरी साचतंय. आणि साचेल असं मशीनमध्ये नवीन काय होतं? माझाच प्रोग्राम. मी म्हणालो, “असू शकेल, साहेब.”

एवढंच. असू शकेल.

काकांना साहेबांच्या केबिनमध्ये उभं करून जे ऐकवलं गेलं ते बाहेर ऐकू येत होतं. आणि मी काय केलं? शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, बॅकअप घ्यायचा आहे असं सांगून, मी मशीन बंद करून पुन्हा चालू करू लागलो. मशीनला त्याचा शुक्रवार मी गुपचूप परत दिला. पडणं थांबलं. प्रोग्राम उघडून बघितला नाही. बघितला असता तर सापडलं असतं, आणि सापडलं असतं तर सांगावं लागलं असतं.

असे बरेच महिने गेले. मग मासवणला माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला, अर्थात शुक्रवारी, कारण निम्मे पाहुणे बोईसरला कामाला. मी गेलो. दुसऱ्या दिवशी परदेशी जाणारा कंटेनर कारखान्याच्या अंगणात उभा, ड्रम रांगेत, आणि लेबल निघेना. कंटेनर रिकामा परत गेला.

मी आलो तेव्हा निकाल ठरलेला होता: पुन्हा जनरेटरच. महिनाअखेर दोष सापडला नाही तर घरतांनी घरी बसायचं. काकांची निवृत्ती अजून लांब होती, मुलगी लग्नाची होती. आणि माझ्या गैरहजेरीत शोधायचं काम मेहेर मॅडमकडे दिलं गेलं होतं.

शैला मेहेर. सातपाटीच्या. वडिलांची होडी, आईचा बोंबलांचा व्यवहार, आणि ही मुलगी गणितात पदवी घेऊन आमच्याकडे पगार आणि साठ्याचे प्रोग्राम सांभाळायची. बोलणं कमी, डबा मोठा. आमच्यात वैर नव्हतं, मैत्रीही नव्हती. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला नुसतं संखे.

“संखे, तुम्हाला काय वाटतं?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

मी म्हणालो, “व्हायरस असेल.”

“बघू,” त्या म्हणाल्या. आणि खरंच बघितलं, सगळं मशीन तपासलं. मग मी म्हणालो, प्रिंटरचा प्रोग्राम जुना आहे. “तुम्ही म्हणता तर बघू.” तेही बघितलं. मी त्यांना एकेक खोटं दार दाखवत होतो आणि त्या प्रत्येक दार उघडून, आत कुणी नाही याची खात्री करून, नीट लावून परत येत होत्या. चिडल्या नाहीत. महिना सरत होता.

मग एक दिवस त्या म्हणाल्या, “असं नाही जमायचं. आजार कधी येतो याची वाट बघत बसलो तर काकांची नोकरी जाईल. आजार आपण आणायचा. आपल्या हुकमानं मशीन पाडता आलं पाहिजे. जे पाडता येतं ते उभं करता येतं.”

पुढे आयुष्यभर मी हे काम केलं, मोठमोठ्या कंपन्यांत केलं, पण दोष शोधण्याबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही.

गोदामात आमचा जुना सर्व्हर पडून होता. मी म्हटलं, “त्याला मेमरी फार कमी आहे, मॅडम.”

“तेच बरं. लवकर पडेल.”

तो पुसून त्यांनी मालाच्या शेडमध्ये मांडला, डेटाबेसची नक्कल त्याच्यावर चढवली, जोडीला जुना वजनकाटा लावला आणि वीज घेतली साधी, सरकारी, जनरेटरशी संबंध नसलेली. एका ड्रममध्ये वाळू भरून घेतली. आणि रामसजीवन नावाच्या लोडरला सांगितलं, हा ड्रम काट्यावर चढवायचा, उतरवायचा, पुन्हा चढवायचा.

पहिला तासभर रामसजीवननं निमूट केलं. मग म्हणाला, “मैडम, इस ड्रम ने क्या गुनाह किया है?”

“इसने नहीं किया. जिसने किया उसको ढूँढ रहे हैं.”

“तो सज़ा हमको काहे?”

शेडमधली माणसं हसली. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, “चलो, अब मैं चढ़ाती हूँ, तुम चाय पी लो,” आणि पदर खोचून खरंच ट्रॉलीला हात घातला. रामसजीवननं घाईघाईनं ट्रॉली हिसकावून घेतली. “रहने दो मैडम, हमारी नौकरी खाओगी.”

दर थोड्या वेळानं त्या मशीनला विचारत, किती मेमरी शिल्लक. आकडा उतरत होता. एकसारखा, ओहोटीसारखा. दुपारनंतर जुनं मशीन पडलं. सरकारी विजेवर.

मी तिथेच उभा होतो. जनरेटर निर्दोष आहे हे त्या क्षणी आम्हा दोघांना माहीत होतं. शेडच्या खिडकीतून समोर जनरेटरची खोली दिसायची. तिच्या मागे घरतकाका उन्हात खणत होते. आपल्या अर्थिंगमध्ये खोट असेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. अर्थिंग म्हणजे भरकटलेली वीज जमिनीत जिरवण्यासाठी केलेला खड्डा. त्यात मीठ आणि कोळसा थरावर थर घालून तांब्याची पट्टी पुरतात. जुना खड्डा त्यांनीच केला होता, अगदी नियमानं. आता ते शेजारी नवा, आणखी खोल खणत होते. मिठागरावरून स्वतःच्या खिशातून मिठाच्या गोणी आणल्या होत्या. हाताखाली माणसं असताना स्वतः खणत होते.

मॅडमनीही बघितलं. “काकांना सांगून येऊ का?” मी विचारलं. हे मी खरंच विचारलं, आणि मला आजही कळत नाही की मी ते त्यांच्यासाठी विचारलं की शेडमधून निसटायला.

“अर्धवट नको सांगू या. साहेब म्हणतील, जुनं मशीन आहे, पडणारच. पक्कं सापडू दे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेक गोष्ट बंद करायला सुरुवात केली. एका वेळी एकच, हा त्यांचा नेम. प्रिंटर काढला, मेमरी उतरतच होती. साठ्याचा ट्रिगर, जो त्यांनी स्वतः लिहिला होता, तो ट्रिगरांपैकी सगळ्यांत आधी बंद केला. “घरचं आधी तपासावं,” म्हणाल्या. त्यानंही उतरणं थांबलं नाही. मग त्यांनी माझा लेबलचा ट्रिगर बंद केला.

रामसजीवन ड्रम चढवत राहिला, उतरवत राहिला. मॅडम आकडा विचारत राहिल्या. आकडा तिथेच. पुन्हा तिथेच. पुन्हा. मी आयुष्यात इतकं स्थिर काही पाहिलेलं नाही.

त्यांनी ट्रिगर परत चालू केला, आतली माझ्या प्रोग्रामला मारलेली हाक तेवढी काढली. स्थिर. हाक परत घातली. ओहोटी.

रामसजीवनला त्यांनी चहाला पाठवलं. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.

“आमच्याकडे बोंबील सुकवायला बांबूच्या वलांड्या असतात, बघितल्यात ना?” त्या म्हणाल्या. “ओले बोंबील आडव्या दोऱ्यांवर टांगायचे. सुकले की उतरवायचे, मग नवे टांगायला जागा होते. कुणी उतरवलेच नाहीत तर? एका दिवशी होडी भरून येते आणि टांगायला जागा नाही. दोष होडीचाही नाही आणि वाऱ्याचाही नाही.” मग म्हणाल्या, “तुमचा प्रोग्राम मी उघडलेला नाही. तुम्ही उघडा.”

मी उघडला. पानभराचा प्रोग्राम. जागा मागितलेली ओळ होती. परत करणारी नव्हती. ती लिहायला मला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

“संखे,” त्या हळू म्हणाल्या, “शुक्रवारी तुम्ही बॅकअपला येत होतात. बॅकअपला मशीन बंद करावं लागत नाही.”

बाहेर फावड्याचा आवाज येत होता.

“उद्या साहेबांकडे आपण दोघं जायचं,” त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

साहेबांच्या केबिनमध्ये घरतकाकांनाही बोलावलं होतं. ते दाराशी उभे, नखांत अजून कोळसा. मॅडमनी सांगितलं, “दोष सापडला साहेब. काढून टाकलाय. आता मशीन पडणार नाही.” आणि थांबल्या. मी किती वेळा तो थांबा मोजून बघितला असेल. एक माणूस तोंड उघडून ‘माझा होता’ म्हणेल इतका तो लांब होता.

शहासाहेबांनी विचारलं, “काय होता?”

त्या थांबलेल्याच. माझ्याकडे बघितलं नाही. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

“प्रोग्राममधली बारीक गोष्ट,” शेवटी त्या म्हणाल्या. “संखेंनी दुरुस्त केली.”

साहेबांना बारीक गोष्टींत रस नव्हता. “चांगला. घरत, तुम्ही वाचलात. आगे से ध्यान रखो,” म्हणाले आणि फोन उचलला. ध्यान कशाचं रखो हे कुणी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “मी जागा ठेवली होती. असो. काकांना मात्र तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार, ते तुमचं आहे. आणि येत्या शुक्रवारी तुम्ही कामावर यायचं नाही.”

तो शुक्रवार मी सफाळ्याला घरी काढला. आईनं विचारलं, “आज सुट्टी? बरं नाही का?” मी ओसरीवर बसलो, उठलो, विहिरीवर गेलो, परत आलो. मशीन चालू होतं आणि मी तिथे नव्हतो. इतके महिने त्याच्या उशाशी बसून मी त्याला मरू दिलं नव्हतं, आणि आता कळत होतं की मी त्याला बरंही होऊ दिलं नव्हतं. शनिवारी गेलो. चालू. रविवारी, सोमवारी चालू. पुढे ते इतकं अखंड चाललं की एकदा त्याच्यावर पालीनं अंडी घातली.

त्याच आठवड्यात घरतकाका कॉम्प्युटर रूममध्ये आले. चपला दाराशी काढल्या. हातात ताडगोळ्यांची पिशवी. अर्धे मॅडमच्या टेबलावर ठेवले, अर्धे माझ्या.

“घ्या. घरच्या ताडाचे हायत. तुमी दोघा व्हते म्हून मी हाय.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “संखे, तुजे उपकार नाय इसरनार.”

मी सांगणार होतो. वाक्य तयार होतं. त्यांनी एक ताडगोळा सोलून माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो खाल्ला.

काही दिवसांनी मॅडमनी विचारलं, “सांगितलंत ना काकांना?”

“हो,” मी म्हणालो.

‘असू शकेल’पेक्षा हा ‘हो’ मला जास्त महाग पडला. कारण दोन वर्षांत मॅडम नोकरी सोडून पुण्याला गेल्या, तिथे त्यांनी फार नाव काढलं, आणि अजूनही कधी फोन झाला की त्या माझ्याशी एका सुधारलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. काका निवृत्त होईपर्यंत दर उन्हाळ्यात ताडगोळे येत राहिले. निवृत्त झाल्यावरही कुणाबरोबर तरी यायचेच.

या अंकासाठी मी जो पहिला लेख लिहिला तो मेहेर मॅडमच्या कौतुकाचा होता. वाळूचा ड्रम, रामसजीवन, वलांड्या, सगळं होतं. छान उतरला होता. पाकिटात घालताना वाटलं, हा अंक बेटेगावात जाईल. काकांची सून वाचून दाखवील. मी पाकीट तसंच ठेवलं आणि बेटेगावला गेलो.

काका पडवीत खाटेवर बसून दोरी वळत होते. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण पाठ ताठ. “ये रं, ये. बस,” म्हणाले. मी बसलो आणि बसल्याबसल्या सांगून टाकलं, कारण पाणी आलं, चहा आला की मला पुन्हा जमलं नसतं. प्रोग्राम माझा होता. चूक माझी. जनरेटरचा काहीएक दोष नव्हता, अर्थिंगचाही नव्हता. मला आधीपासून संशय होता आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुमच्यावर ढकललं.

काकांचे हात थांबले. ते अंगणातल्या ताडाकडे बघू लागले.

“म्हंजे,” ते म्हणाले, “माजा पयला खड्डा बराबर व्हता?”

“बरोबर होता, काका.”

“नवीन खनला म्हून मशीन बरा झाला, आसा नाय?”

मला क्षणभर समजेना. मग समजलं. काकांचा नवा खड्डा भरून झाला त्याच सुमारास मी ती ओळ लिहिली होती. मशीन पडायचं थांबलं. केबिनमध्ये कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, आणि साहेब काकांना म्हणाले होते, आगे से ध्यान रखो.

“आमाला वाटला,” काका म्हणाले, “दोष माजाच निंगाला. आनि तू आनि मॅडमनी साहेबासमोर माजा नाव घेतला नाय. प्रोग्राम-बिग्राम सांगून झाकून नेला. म्हून तर…” त्यांनी हातानं ताडाकडे दाखवलं.

मला वाटायचं, ते ताडगोळे माझ्या हुशारीचे होते. ते माझ्या दिलदारीचे होते. माझी चूक त्यांनी आपली म्हणून इतकी वर्षं सांभाळली होती, आणि ती झाकल्याबद्दल दर उन्हाळ्यात माझेच आभार मानले होते.

“काका, मी…”

“गप बस.” ते माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते. मला वाटलं, आता उठ म्हणतील. ते म्हणाले, “येवडी वर्सा फुकट ताडगोळे गिळलास की रं, मेल्या!” आणि हसू लागले. हसता हसता त्यांनी दोरीच्याच टोकानं डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाले. “निवृत्तीच्या टायमाला पोरा मला सांगत व्हती, काका, दोन शब्द बोला जनरेटरवर. मी नाय बोललो. म्हटला, ज्यात आपली खोट निंगाली त्याच्यावर काय बोलाचा.”

काकांनी दोरी बाजूला ठेवली आणि आत तोंड करून हाक मारली, “अगो, भायेर ये जरा. चाय मागनं ठेव. हा संखे काय सांगते ता आयक.” मग मला म्हणाले, “तिला पन तसाच वाटते. पोरीच्या लग्नात सगल्यांचे पुढं बोलली व्हती, यांचेकडना येकदा मोठी चूक झाली, पन मानसा चांगली भेटली. तिला सांग. मोठ्यांदा सांग, तिला कमी आयकू येते.”

काकू हात पुसत बाहेर आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि कान माझ्याकडे केला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.